दुसऱ्या पिल्लाचा ठराव

‘पहिल्या कुत्र्याला एकटं वाटतं, दुसरं पिल्लू आणू,’ हा ठराव हल्ली घरोघरी एकमताने मंजूर होतो. पहिल्याला मतदानाचा हक्क नसतो. त्याला एकटं वाटतं, कारण घरातले सगळे दिवसभर ऑफिसात. आता दोघं मिळून सोफा फाडतील. पार्व्होची लस, रेबीजची सुई, महापालिकेचा परवाना, सगळं दुप्पट. त्यात हवा असतो हस्कीच! सैबेरियाच्या थंडीसाठीची दुहेरी लोकर अंगावर घेऊन बिचारा पुण्याच्या मे महिन्यात एसीखाली आडवा. गेटबाहेरची गावठी पिल्लं फुकट मिळतात, उन्हालाही सरावलेली असतात. पण त्यांची सोय आधीच झालेली आहे, सोसायटीच्या तक्रारवहीत.