कॅसेटकाका

काकांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर सापडतं. एरवी अख्ख्या सोसायटीला ते कॅसेटकाका. वय पन्नाशीच्या अलीकडे, नोकरी बँकेत, बोलणं मऊ. पण कुणी "काका, अजून मारिओच?" असं विचारलं की आवाज चढतो. "अजून म्हणजे? बुद्धिबळ खेळणाऱ्याला विचारता का, अजून बुद्धिबळच म्हणून?"

त्यांच्या हॉलमध्ये टीव्ही दोन. भिंतीवरचा सपाट टीव्ही काकूंचा. कोपऱ्यातला जाड पाठीचा, दोघांनी उचलला तरच हलणारा डबा काकांचा. भंगारवाल्याने त्याची आशा अजून सोडलेली नाही. काका म्हणतात, "तो गेला तर बदकं कशी मारू?"

हे मात्र शंभर टक्के खरं. 'डक हंट' हा १९८४ चा गेम. आपल्याला वाटतं, बंदुकीतून काहीतरी निघतं आणि बदकाला लागतं. प्रत्यक्षात बंदूक नुसती बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीला तो उजेड दिसला तर बदक पडतं, नाही तर कुत्रा गवतातून डोकं काढून खिदळतो. ही वेळ जुन्या काचेच्या टीव्हीवरच जुळते. सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यात बदक वाचतं. काकांनी हे मला बंदूक हातात घेऊन समजावलं. त्या वेळी दारात कुरिअरवाला उभा होता. त्याने सही न घेताच पार्सल ठेवलं.

काकांचा मुख्य सिद्धान्त असा, की जुना गेम तुमची खुशामत करत नाही. "नव्यात काय? आधी डाउनलोड, मग अपडेट, मग अर्धा तास सिनेमा, मग बाण दाखवणार, इथे चाला, तिथे दाबा. मारिओ बघ." असं म्हणून ते मारिओ घडवणाऱ्या मियामोतो साहेबांवर येतात. 'साहेब' ते असं म्हणतात, की ऐकणाऱ्याला हे त्यांच्या बँकेचे जुने झोनल मॅनेजर वाटावेत. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये सुरुवातीलाच समोरून भुवया ताणलेला गुम्बा चालत येतो. सूचना कुठेच नाही. उडी मारलीत तर वाचलात, नाही तर मेलात आणि शिकलात. पुढे ठोकळ्यातून मशरूम निघतो, पाइपला आपटतो आणि उलटा तुमच्याच अंगावर येतो. घाबरून उडी मारावी तर वरच्या विटांना डोकं लागून त्याच्यावरच पडायचं, आणि तो खाल्ला गेला की मोठं व्हायचं. "म्हणजे घाबरलास तरी भलंच!" काकांचे डोळे इथे पाणावतात. हा सगळा संसार ४० किलोबाइटमध्ये. जागा वाचवायला ढग आणि झुडूप यांचं चित्रही एकच, फक्त रंग निराळा. आमच्या सेक्रेटरींचा सकाळचा 'सुप्रभात' याहून कितीतरी जड असतो.

गेमची कॅसेट लागली नाही की काका ती काढतात, तळाशी फुंकर मारतात आणि डोळे मिटून परत बसवतात. फुंकरीने काही होत नाही, उलट तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या खराब होतात, काम होतं ते नुसतं काढून बसवल्याने, हे मुलाने त्यांना समजावलं. काकांना ते पटलं. फुंकर चालू आहे.

इतक्या न्यायप्रिय माणसाने 'कॉन्ट्रा' मात्र नेहमी तीस लाइफ घेऊन खेळावा, हे मला खटकायचं. त्याचा कोड: वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए. गॅसचा ग्राहक क्रमांक विचारला तर काका काकूंकडे बघतात, हे मात्र झोपेतही येतं. मी टोकल्यावर ते म्हणाले, "अरे, हा कोड ज्या हाशिमोतोंनी केला ना, त्यांना स्वतःचाच 'ग्रेडियस' गेम झेपत नव्हता, म्हणून केला. ज्याने घर बांधलं त्याने मागचं दार ठेवलं. आपण वापरलं तर चोरी कसली?" बँकेत ते ऑडिट सांभाळतात, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

मारिओत तर सेव्हच नाही. तिसऱ्या मजल्यावरची चौथीतली मुलगी हे ऐकून हबकली. "मग जेवायला कसं जायचं, काका?" काकांनी उपाय दाखवला: पॉज करायचं, टीव्ही बंद करायचा, यंत्र चालू ठेवायचं. गेल्या रविवारी दोघं ८-३ पर्यंत, म्हणजे शेवटच्या आधीच्या टप्प्यापर्यंत, पोचले, तेवढ्यात जेवणाची हाक आली. काकांनी बटणावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि हात धुवायला गेले.

काकूंना चटणीसाठी मिक्सर लावायचा होता आणि ओट्यावरचं सॉकेट बिघडलेलं. चिठ्ठी बटणावर होती. काकूंनी बटणाला हात लावला नाही, पिन उपटली.

काकांचा आवाज जिन्यापर्यंत आला. काकूंनी मिक्सर थांबवला.

"अहो, लाइफ किती उरल्या होत्या?"

"एक."

"मग तसेही मरणारच होतात. पानं घ्या."