टाकीकर

टाकीकरांच्या घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा हमखास विचारतो, ‘मासे कुठेत?’ आणि संबंध तिथेच बिघडतात. मासे आहेत, दोन. दगडाआड पोटभाडेकरूसारखे राहून आहेत. टाकीचा सातबारा मात्र शेवाळाच्या नावावर आहे.

शेवाळ म्हटलं की तुम्हाआम्हाला निसरडी मोरी आठवते. टाकीकरांचं शेवाळ चुना खातं. खाऱ्या पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेऊन ते अंगात चुनखडी साठवतं, म्हणून हाताला कडक लागतं. यातल्या दोघींवर त्यांचा विशेष जीव. एक हॅलिमेडा, चकतीला चकती जोडत वाढणारी, हिरवीगार. दुसरी कोरॅलाइन, दगडावर चढणारा गुलाबी-जांभळा थर. हिच्या जातीला पाहून खुद्द लिनियसही फसला आणि १७५८ साली त्याने कोरॅलिनाला प्राण्यांत बसवलं, हे टाकीकर चहा येण्याआधीच सांगून टाकतात. चहा आला की गाडी हॅलिमेडाकडे वळते. ‘हे अख्खं झाड म्हणजे एकच पेशी आहे, बरं का! आत कुठे भिंतच नाही.’ पाहुणा ‘वा!’ म्हणतो. म्हणावंच लागतं, कारण बिस्किटांची बशी अजून टाकीकरांच्याच हातात असते.

पोवळी का नाही पाळत, असंही कोणी विचारतं. आपल्याकडची पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसली आहेत. टाकीकर त्यांच्या वाटेला जात नाहीत. या छंदातले बरेच जण इथे सोयीस्कर डोळेझाक करतात, तेव्हा एवढं श्रेय या माणसाला द्यायलाच हवं.

घर दादरला. चौपाटी चालत दहा मिनिटांवर. तरी समुद्र घरीच बनतो. आरओचं पाणी पिंपात भरायचं, त्यात परदेशी मीठ लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने टाकायचं आणि रात्रभर ढवळत ठेवायचं. आई एकदा म्हणाली, ‘अरे, खाली एवढा समुद्र पसरलाय, दोन बादल्या आण की.’

‘आई, त्या पाण्यात काय काय असतं, तुला कल्पना आहे का?’

‘मासे असतात,’ आई म्हणाली.

रविवारची सकाळ तपासणीची. टाकीकर काचेची नळी डोळ्यांसमोर धरून थेंब थेंब औषध सोडतात. गुलाबीचा निळा झाला की थांबायचं आणि आकडा वाचायचा. तो निळा नेमका कधी होतो यावर नवराबायकोचं आजवर एकमत झालेलं नाही. ‘अहो, जांभळा आहे तो!’ ‘जांभळा नाही, निळ्याच्या वाटेवर आहे.’ तेवढ्यात कुरियरवाल्याने बेल मारली की थेंबांची गिनती चुकते आणि सगळं पहिल्यापासून. कॅल्शियम ४२०, क्षारता ८, मॅग्नेशियम १३००, असे आकडे फ्रिजवरच्या वहीत तारखेवार आहेत. वहिनींच्या गुडघेदुखीसाठी दोघं दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, ‘कॅल्शियम कधी तपासलंय?’ टाकीकर ताडकन म्हणाले, ‘कालच. ४२०.’

रात्री टाकीला चुन्याची निवळी लागते. आपल्या आज्या तान्ह्या पोरांना पाजायच्या, तीच. दिवे मालवले की शेवाळाचं अन्न बनवणं थांबतं, पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच उतरतो. तो सावरायला निवळी ठिबकत राहते, शिवाय कॅल्शियमही मिळतं. इथवर ठीक होतं. पण बंद खोलीतल्या माणसांच्या श्वासानेसुद्धा पाण्याचा पीएच उतरतो, हे टाकीकरांच्या वाचनात आलं आणि त्या घरातलं आदरातिथ्य संपलं.

गणपतीत आम्ही सगळे त्यांच्याकडे आरतीला जमलो होतो. खच्चून गर्दी, खिडक्या बंद, एसी चालू. टाळ्यांचा ठेका रंगात आला होता आणि यजमानांची नजर बाप्पांवरून सारखी मीटरकडे. दुसऱ्या आरतीला त्यांनी धाडकन खिडक्या उघडल्या. वाऱ्याने निरांजन विझलं. सोलापूरच्या मावशी कळवळून म्हणाल्या, ‘अरे, असं काय करतोस?’ तर म्हणे, ‘मावशी, तुम्ही सगळे मिळून कार्बन डायऑक्साइड सोडताय. त्यात तुम्ही वरच्या पट्टीत गाताय.’ मावशी प्रसाद न घेता उठल्या.

एवढं करूनही हॅलिमेडा दगा देते. एखाद्या रात्री ती अंगातलं सगळं हिरवं बीजपेशींत ओतते, सकाळी त्या पाण्यात सोडते आणि मागे पांढरा सांगाडा उरतो. समुद्रात याच चकत्यांची पुढे वाळू होते. टाकीत नुसतं पाणी गढूळतं. असं झालं तेव्हा टाकीकर दोन दिवस बिनदाढीचे फिरत होते. लिफ्टपाशी वॉचमनने विचारलं, ‘साहेब, काय झालं?’ ‘ती गेली रे,’ एवढंच बोलून ते वर गेले. वॉचमन खालच्या फळ्यावर दुखवट्याची सूचना लिहायला बसला होता, तेवढ्यात वहिनी भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत आल्या.

कोरॅलाइनचं उलटं. दगडावर यावी म्हणून वर्षभर नवस केले आणि बाई आल्या त्या काचेवर. मग पंपाच्या पंख्यावर. आता टाकीकर ब्लेड घेऊन काच खरवडतात आणि पंप व्हिनेगरमध्ये बुडवतात, कारण आम्लात चुना विरघळतो. वहिनींनी नूडल्सचा बेत केला की व्हिनेगरची बाटली ओट्यावर कधीच सापडत नाही, आणि साधं हिरवं केसाळ शेवाळ दगडावर दिसलं तर हाच प्रेमळ माणूस ते टूथब्रशने उपटून मोरीत टाकतो. शेवाळातही त्यांनी जातपात पाळली आहे.

तेव्हा टाकी बघायला जरूर जा, बघण्यासारखी आहे. सकाळी दहानंतर जा, तेव्हा दिवे लागलेले असतात. माशांची चौकशी करू नका, काचेला बोट लावू नका आणि आत असेपर्यंत श्वास बेतानेच घ्या.