कारभारी बदलून पाहा

मारानेल्लोच्या फेरारी दरबारी फॉर्म्युला वनच्या शर्यती हरू लागल्या, की मोटारीआधी कारभारी बदलण्याचा प्रघात आहे; तदनुसार २०१४ च्या एप्रिलात संघप्रमुख दोमेनिकाली पायउतार होताच, उत्तर अमेरिकेतील मोटारविक्रीचा कारभार सांभाळणारे मात्तियाच्ची त्यांच्या जागी रुजू झाले, शांघायच्या शर्यतीत काळा चष्मा लावून वावरले आणि नोव्हेंबरात नारळ घेऊन परतले. मागाहून अरिवाबेने आले, बिनोत्तो आले, त्यांचीही गच्छंती यथासांग पार पडली. प्रत्येक नेमणुकीस १९९३ साली संघाचे कारभारी म्हणून आलेल्या झाँ तॉद यांचा दाखला जोडतात. परंतु त्यांनाही चालक शूमाकर, तंत्रप्रमुख ब्रॉन, रचनाकार बर्न अशी मातब्बर मंडळी गोळा करून संघाचे जगज्जेतेपद मिळविण्यास १९९९ उजाडले, हे कलम मात्र दप्तरातून नेमके गहाळ होते.