हबवाला

हिंजवडीच्या सोसायट्यांमध्ये टॉवरमागे एक तरी हबवाला असतोच. दिवसा तो कुठल्याशा परदेशी बँकेच्या सॉफ्टवेअरचा आर्किटेक्ट असतो. संध्याकाळी शिवाजी चौकाच्या जाममधून सुटून घरी आला की बूट न काढताच लॅपटॉप उघडतो आणि दिवाणखान्यातला दिवा का लागत नाही याचे स्मार्ट-होम हबवरचे लॉग वाचत बसतो. अंधारात.

आमच्या मजल्यावरच्या हबवाल्याची लक्षणं फ्लॅट घेतानाच दिसली होती. सॅम्पल फ्लॅटमध्ये बायको ओट्याची लांबी बघत होती, आई देवघराची दिशा, आणि हा खिशातून टेस्टर काढून हॉलचा स्विचबोर्ड उघडत होता. "न्यूट्रल नाहीये," तो गंभीरपणे म्हणाला. सेल्समन म्हणाला, "सर, फेज टू पाच मिनिटांवर आहे." स्मार्ट स्विचला स्वतः जागं राहायलाही थोडी वीज लागते, आणि बहुतेक स्विचना त्यासाठी न्यूट्रलची वायर लागते. नुसत्या दिव्यांच्या बोर्डात आपला वायरमन ती बऱ्याचदा नेतच नाही. ताबा मिळाल्यावर याने भिंती फोडून ती नेली. नवा रंग, नवी पुट्टी, सगळं आलं त्यात.

मग ऑनसाइट झालं. अमेरिकेहून येताना लोक चॉकलेटं आणतात. याने बॅगभर झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीवर चालणारे सेन्सर आणले. तिथे झेड-वेव्ह ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतं, आपल्याकडे ८६५ च्या. म्हणजे इथल्या हबने कितीही हाका मारल्या तरी तिकडचा सेन्सर ढिम्म. ते सेन्सर आता शोकेसमध्ये आहेत. पाहुण्यांना तो ते दाखवतो आणि वर सांगतो, "हार्डवेअर एक नंबर आहे."

पाउलुस शाउटसेन हे नाव त्याच्या घरात गजानन महाराजांच्या खालोखाल घेतलं जातं. या गृहस्थाने २०१३ मध्ये 'होम असिस्टंट' हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. कुठल्याही कंपनीचं उपकरण एका छत्राखाली आणायचं, आणि शक्य तिथे सगळा कारभार घरातल्या घरात चालवायचा, कंपनीच्या सर्व्हरवर जीव टांगायचा नाही. सर्व्हरबद्दलचं हबवाल्याचं हे म्हणणं मात्र खोटं नाही. २०१६ मध्ये 'रिव्हॉल्व्ह'चा हब मालक कंपनीनेच बंद केला, २०२२ च्या एप्रिलमध्ये 'इन्स्टिऑन'चे सर्व्हर न सांगता-सवरता गेले. तो या गोष्टी जवळचा नातेवाईक गेल्यासारख्या सांगतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात अ‍ॅपल, गूगल, अ‍ॅमेझॉन, सॅमसंग यांनी मिळून 'मॅटर' आणलं, कुणाचंही उपकरण कुणाशीही बोलेल म्हणून. पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. मग कळलं की पहिल्या आवृत्तीत रोबो झाडूवाला बसतच नाही. तो बसला १.२ मध्ये, आणखी वर्षभराने. तोवर झाडू मावशीच मारत होत्या, अजूनही मारतात.

मला तर संशय आहे की सगळं नीट जुळावं असं याला मनातून वाटतच नसावं. जे मुकाट्याने चालतं त्याच्याकडे तो ढुंकून बघत नाही. गीझर साधा आहे, रोज पाणी तापवतो, त्याचा कधी विषय निघत नाही.

विषय निघतो पंख्याचा. वीज वाचवणारा बीएलडीसी पंखा रेग्युलेटरवर चालत नाही, त्याला रिमोट लागतो. म्हणून याने रिमोटची नक्कल करणारी एक डबी कपाटावर ठेवली. डबी हुकूम सोडते, पण पंख्याने तो ऐकला की नाही हे तिला कळायची सोय नाही. परवा मी गेलो तर पंखा डोक्यावर गरगर फिरत होता आणि हा मोबाइलकडे बघत म्हणाला, "नाही, बंद दाखवतोय."

आईंचा प्रश्न वेगळा. स्मार्ट बल्बचा भिंतीवरचा स्विच बंद केला की बल्ब नेटवर्कमधूनच जातो, म्हणून याने सगळ्या स्विचांवर चिकटपट्टी लावलीय. आई दिवेलागणीला देवापाशी निरांजन लावतात, मग नखाने चिकटपट्टी सोलतात आणि खटकन बटण दाबतात. हा रात्री नवी चिकटपट्टी लावतो. दोघं त्याबद्दल एकमेकांशी बोलत नाहीत.

मध्यरात्री वीज जाऊन आली की सगळ्या खोल्यांतले बल्ब पूर्ण तेजाने पेटतात. वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग प्रत्येक बल्बला वेगळी असते, आणि काही बल्बना नसतेच. एकदा वॉचमनने इंटरकॉम केला, "साहेब, काही कार्यक्रम आहे का?"

आता त्याला पुन्हा दोन वर्षांसाठी बाहेर पाठवतायत. फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हणून बायकोने वायरमनला बोलावून साधी बटणं बसवायचा दर विचारून ठेवला. पण फ्लॅट बघायला आलेला मुलगा फेज थ्रीमधल्या कंपनीतला. त्याने बेडरूम पाहिली नाही, पार्किंग विचारलं नाही. हॉलचा स्विचबोर्ड निरखत म्हणाला, "न्यूट्रल आहे वाटतं?"

करार त्याच संध्याकाळी पक्का झाला. भाड्यात दोन हजार कमी करून.