हॉटेल आहे, खोली नाही

एखाद्या देशात पर्यटकांना पुरेल इतकी निवासव्यवस्था आहे की नाही, हे ठरवताना अर्थशास्त्र ‘खोली-व्याप्ती’, म्हणजे उपलब्ध खोल्यांपैकी भरलेल्या खोल्यांचे शेकडा प्रमाण, विचारात घेते. परंतु वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका येथे, अकोला-पूर्णा लोहमार्गावर उतरलेल्या प्रवाशाने ‘हॉटेल’ विचारल्यास त्याला आलूबोंड्याची परात, कट चहा आणि तिघांत एक बाकडे एवढाच ऐवज दाखवला जातो, कारण मराठीत हॉटेल ही खाण्याची जागा असून झोपण्याची जागा ‘लॉज’ होय. याच तालुक्यात शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत, तर मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला रामनवमीस बंजारा भाविकांचा सागर लोटतो. मात्र सतरंजी, ट्रॉली आणि झाडाची सावली यांना खोली-क्रमांक नसल्याने तेथील मुक्काम या प्रमाणात कोठेच उमटत नाही.

यावरही शास्त्राने सोय करून ठेवली आहे. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार नेहमीच्या परिसराबाहेर किमान एक रात्र राहणारा तो पर्यटक आणि त्याच दिवशी परतणारा केवळ ‘दिवसभेटकर्ता’. साहजिकच जेथे खोलीच नाही तेथे पाहुणा संध्याकाळच्या गाडीने परततो, परतल्यामुळे तो पर्यटक ठरत नाही, पर्यटक नसल्याने मागणी उद्भवत नाही आणि मागणी शून्य असल्यामुळे शून्य खोल्या तंतोतंत पुरेशा ठरतात. मागणी-पुरवठ्याचा इतका निर्दोष समतोल मुंबईलाही साधलेला नाही.