सेंट अँड्र्यूजचे सोवळे

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला रेल्वे जात नाही. १९६९ साली तिथले स्टेशन बंद झाले. तेव्हापासून लूकर्सला उतरायचे आणि बस धरायची. गाव मात्र बेताचे. मुख्य रस्ते तीन, तिन्ही साधारण मोडक्या कॅथीड्रलच्या दिशेने निघालेले आणि त्यापलीकडे समुद्र. चुकायचे म्हटले तरी माणूस चुकत नाही.

भाची तिथे शिकते. तिच्याबरोबर नॉर्थ स्ट्रीटवरून चाललो होतो. सेंट साल्व्हेटर्स चॅपलसमोर बोलता बोलता तिने टुणकन उडी मारली. खाली फरसबंदीत ‘पी एच’ अशी अक्षरे. पॅट्रिक हॅमिल्टन या धर्मसुधारकाला १५२८ साली इथे जिवंत जाळले. त्याच्या अक्षरांवर पाय पडला की पदवी हुकते!

“मामा, बाजूनं ये.”

“अगं, मला पदवी मिळून जमाना झाला.”

“तरी पण.”

गेलो बाजूने. आमच्या विद्यापीठाचा काय नेम, इतक्या वर्षांनी फेरतपासणी काढायचे!

पाय पडलाच तर उतारा आहे: १ मेच्या पहाटे उत्तर समुद्रात बुडी. विटाळ झाला की स्नान, हे शास्त्र माझ्या आजीला तंतोतंत पटले असते. फक्त ती बंबातले पाणी घ्यायची. १४१३ पासूनचे हे विद्यापीठ. तिथे भौतिकशास्त्र शिकणारी पोरेही या दगडाला वळसा घालतात. परीक्षा जवळ आली की विज्ञान जरा मागेच उभे राहते.

पुढे एका कॅफेत भाचीने ओळख करून दिली, “मामा, हे माझे बाबा.” समोर विशीतला, केस पिंजारलेला पोरगा! तिथे वरच्या वर्गातली मुले नवीन मुलांना दत्तक घेतात, हे तिने मग सांगितले. एक आईसुद्धा होती, ती लायब्ररीत. मी पोराला नमस्कार घातला आणि मनात म्हटले, बाबा रे, फी भरणारे बाबा ठाण्यात आहेत, तेवढे लक्षात असू दे.

लाल लोकरी झगा हा तिथला मानाचा पोशाख. पहिल्या वर्षी तो खांद्यावर नीट बसवतात. वर्षागणिक खाली घसरत चौथ्या वर्षी तो कोपरावर येतो. अभ्यासाचेही तसेच होत असावे.

जाणार असाल तर रविवार गाठा. सकाळची प्रार्थना आटोपली की झगेवाली मंडळी रांगेने धक्क्यावर फिरायला निघतात. आणि ज्या ओल्ड कोर्सवर गोल्फ खेळायला जगभरातले लोक चिठ्ठीत नाव निघण्याची वाट बघतात, तो रविवारी सहसा खेळाला बंद आणि फिरायला सर्वांना मोकळा. स्विल्कन पुलावर फोटो काढायला गोल्फ यावे लागत नाही, पैसेही पडत नाहीत. कुत्री घेऊन आलेल्यांना तेवढे आधी जाऊ द्यावे लागते.