मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच

देशांच्या अंदाजपत्रकांची पारदर्शकता जोखणारा ‘ओपन बजेट सर्व्हे’ सरकारांकडे आठ दस्तऐवज मागतो. त्यात सामान्य माणसाला कळेल असं ‘नागरिकांचं अंदाजपत्रक’ही आलं. केवढा खटाटोप! वसई-विरार महापालिकेत मात्र सगळं सोपं होतं. नगरसेवकांची मुदत जून २०२० मध्ये संपली, निवडणूक उजाडली जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात अंदाजपत्रक मांडणार आयुक्त, स्थायी समितीच्या नि महासभेच्या वतीने मंजूर करणार प्रशासक, म्हणजे पुन्हा तेच साहेब. गोंधळ नाही, सभात्याग नाही, चहाबिस्किटांचा खर्चही वाचला! नालासोपाऱ्यात गुडघाभर पाण्यातून स्टेशन गाठणाऱ्याने नालेसफाईचा पैसा नेमका कुठल्या नाल्यात गेला असं विचारायचं, तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणि तीस दिवसांची वाट. आता सभागृह भरलंय. वसईकरांनो, आपापल्या नगरसेवकाला अंदाजपत्रकाचं निदान एक पान तरी वाचायला लावा.